सायकलिंग शॉर्ट कुठे झिजली ते आधी बघा

नवी शॉर्ट घ्यायला निघण्याआधी जुनी बाहेर काढा. ती उलटी करून एका पायात हात घाला, खिडकीच्या उजेडात धरा आणि बोटं फाकवून कापड ताणा. बोटांचा रंग कुठून दिसतो? पॅडच्या, म्हणजे बुडाखाली शिवलेल्या गादीच्या, मागे, मांडीच्या आतल्या बाजूला, की फक्त उजव्या अंगाला? कुठे बारीक पांढरे केस बाहेर आलेत का? शिवण कुठे उसवली आहे? हे सगळं एका कागदावर लिहून ठेवा.

शॉर्ट सगळीकडून सारखी झिजत नाही. जिथे ती अंगाला नीट बसत नाही किंवा जिथे सॅडल चुकीची लागते, तिथून ती विरायला लागते. त्यामुळे पुढची शॉर्ट कोणत्या मापाची घ्यायची, ती घेण्याआधी सायकलमध्ये काय दुरुस्त करायचं, हे जुनीच सांगते. बरेच जण हे न बघता तेच माप पुन्हा मागवतात आणि काही महिन्यांनी त्याच जागी तीच जाळी बघत बसतात.

कापडात नेमकं काय मरतं

आतलं लेबल वाचा. साधारण ८० टक्के नायलॉन किंवा पॉलिस्टर आणि २० टक्क्यांच्या आसपास इलास्टेन असं मिश्रण दिसेल. इलास्टेन म्हणजेच स्पॅन्डेक्स. लायक्रा हे त्याचंच एक ब्रँडनाव. ड्युपॉन्ट कंपनीतल्या जोसेफ शिव्हर्स यांनी हा धागा १९५८ मध्ये विकसित केला. तो आपल्या लांबीच्या पाच-सहा पट ताणला जातो आणि सोडला की परत जागेवर येतो. शॉर्टला मजबुती नायलॉन देतं, अंगासरशी धरून ठेवायचं काम इलास्टेन करतं.

नायलॉन चिवट असतं, इलास्टेन नाजूक. आधी तेच जातं. म्हणून दोरीवर वाळत असताना शॉर्ट ठीकठाक दिसते, पण घातली की ढगळ वाटते, पाय वर सरकतात, पॅड जागेवर राहत नाही. ते पांढरे केस म्हणजे तुटलेल्या इलास्टेनची टोकं. ती दिसायला लागली की त्या पट्ट्यातलं कापड आता फक्त झाकतं, धरत नाही. पुढची पायरी म्हणजे कापड पारदर्शक होणं, आणि हे घालणाऱ्याला कधीच कळत नाही. ग्रुपमध्ये मागून येणाऱ्याला कळतं, आणि तो बिचारा संकोचाने सांगत नाही.

घर्षणाचा हिशेब करून बघा. मिनिटाला ८० पेडल म्हणजे तासाला ४,८०० वेळा मांडी सॅडलच्या कडेला घासून जाते. चार तासांच्या राइडमध्ये १९,२०० वेळा. त्यात घाम वाळून मीठ जमलं असेल, किंवा पावसात मागच्या चाकाने उडवलेली रेती कापडात बसली असेल, तर प्रत्येक फेरी पॉलिश पेपरची. पावसाळ्यात मडगार्ड न लावता घाटात फिरणाऱ्यांची शॉर्ट मागून का विरते, याचं उत्तर यात आहे. कोकणातली लाल माती तर शिवणींत अशी बसते की तीन पाणी काढली तरी बादली लालच.

घर्षणाशिवाय इलास्टेनचे आणखी चार वैरी आहेत: उष्णता, क्लोरीन, तेल आणि कडक ऊन. ड्रायर, इस्त्री आणि कढत पाणी यांनी धाग्याची परत येण्याची ताकद जाते. ब्लीचमधलं क्लोरीन तो धागाच तोडतं. ट्रायथलॉनचा, म्हणजे पोहणं-सायकल-धावणं या तिहेरी शर्यतीचा, सराव करणाऱ्यांनी सायकलिंगच्या शॉर्टवर क्लोरीन टाकलेल्या पोहण्याच्या तलावात उडी मारू नये, त्याचंही कारण हेच. तेलाचा त्रास आपल्याकडे जास्त, कारण काचू नये म्हणून खोबरेल लावायची जुनी सवय. खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली धुण्यात पूर्ण निघत नाही, इलास्टेन सैल करते आणि फोममध्ये राहून खवट वास धरते. क्रीम लावायचंच असेल तर पाण्याने निघणारं घ्या, आणि कापडाला नाही, त्वचेला लावा.

पॅडचं मरण वेगळं असतं. जुन्या काळी युरोपात शॉर्टच्या आत कमावलेल्या मऊ कातड्याचा तुकडा शिवत. त्यात गादी अशी नव्हतीच, फक्त शिवण अंगाला लागू नये एवढा उद्देश. धुतल्यावर ते पापडासारखं कडक होई आणि क्रीम चोळून मऊ करावं लागे. आता आत असतो पॉलियुरेथेनचा फोम आणि वर घाम खेचणारं मऊ कापड. या फोममध्ये हवेच्या बारीक कप्प्यांची जाळी असते. दाबून दाबून त्या कप्प्यांच्या भिंती मोडतात आणि फोम चपटा होतो. तपासायला दोन सेकंद लागतात. अंगठा आणि तर्जनीत पॅड धरा, आधी बसण्याच्या हाडांखाली येणारी जागा, मग कडेची कधीच न दबलेली जागा. जाडीत स्पष्ट फरक लागला, किंवा अंगठ्याने पाच सेकंद दाबून सोडल्यावर खळगा तसाच राहिला, तर पॅड संपला. शॉर्ट अमुक हजार किलोमीटर चालते, असा आकडा कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्यावर विसंबू नका. ५५ किलोचा रोड सायकलस्वार आणि ताठ बसून हायब्रिड सायकल चालवणारा ९५ किलोचा माणूस यांचा पॅड एकाच आकड्याला कसा संपेल?

झिजलेली जागा काय सांगते

दोन्ही मांड्यांच्या आत सारखंच कापड विरलं असेल तर दोन शक्यता आहेत. एक, मापाने ढगळ शॉर्ट. सैल कापड पायाबरोबर फिरण्याऐवजी सॅडल आणि मांडीच्या मध्ये चुरगळतं. दोन, सॅडलची कड खरखरीत झाली आहे. नुसता हात फिरवून हे कळत नाही. कापसाचा बोळा घ्या आणि सॅडलच्या नाकापासून मागेपर्यंत दोन्ही कडांवरून हलक्या हाताने फिरवा. जिथे कापसाचे तंतू अडकून राहतील, तिथेच तुमची शॉर्ट खरवडली जाते आहे. सायकल भिंतीला टेकवून किंवा आडवी पाडून कडेचं रेक्झीन सोललेलं असतं, कधी खालच्या स्टेपलचं टोक वर आलेलं असतं. स्टेपल पक्कडीने दाबता येतो. सोललेल्या रेक्झीनवर चिकटपट्टी लावणं दोन राइडपुरतं ठीक, नंतर तिचीच कड घासायला लागते. तिथे सॅडलच बदला. नव्या शॉर्टपेक्षा ते स्वस्त पडू शकतं.

एकाच बाजूला झीज असेल तर शॉर्टचा दोष क्वचितच असतो. वरून बघा, सॅडलचं नाक सरळ टॉप ट्यूबच्या, म्हणजे फ्रेमच्या वरच्या नळीच्या, रेषेत आहे का. असेल, तर उंची तपासा. सॅडल जास्त उंच असली की पेडल तळाला नेताना कंबर एका बाजूला कलते आणि त्या बाजूची मांडी जास्त घासते. कुणाला तरी मागून मोबाइलवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढायला सांगा. कंबरेची रेषा तराजूच्या दांडीसारखी डोलताना दिसली तर सॅडल ३ ते ५ मिलिमीटर खाली घ्या आणि पुन्हा बघा. एकदम दोन सेंटिमीटर नको, गुडघे बोलायला लागतील. इतकं करूनही एकच बाजू झिजत असेल, तर पायांच्या लांबीत फरक असू शकतो. मग सायकल अंगाला जुळवून देणाऱ्या चांगल्या बाइक फिटरकडे जा.

मांडीच्या मागच्या बाजूला, बरोबर सीटपोस्टच्या, म्हणजे सॅडलखालच्या दांड्याच्या, उंचीवर कापडाचे बारीक गोळे निघाले असतील तर आरोपी सॅडल बॅग. तिच्या वेल्क्रोच्या पट्ट्याची काटेरी बाजू जराशी जरी बाहेर राहिली तरी प्रत्येक पेडलला कापड ओरबाडते. पट्टा कापून बेताचा करा, किंवा त्याचं टोक आत वळवून लावा.

पॅडचा पुढचा भाग चपटा झालाय आणि मागचा नवाकोरा आहे, याचा अर्थ तुम्ही पुढे घसरून बसता. सॅडलचं नाक खाली झुकलं की माणूस पुढे सरकतो आणि हातांवर जोर येतो. नाक फार वर असेल तर तो सरकत नाही, पण पुढच्या नाजूक भागावर दाब येतो आणि बधिरपणा जाणवतो. सुरुवात समतल सॅडलपासून करा. सॅडलवर एखादं जाड पुस्तक आडवं ठेवून त्यावर मोबाइलचं लेव्हल ॲप ठेवलं की काम होतं. सॅडल समतल असूनही घसरत असाल तर हँडलबार लांब आहे.

पॅडवर आडवी पक्की चुणी पडली असेल तर शॉर्ट मोठी आहे किंवा बिबचे, म्हणजे खांद्यावरून पट्टे येणाऱ्या शॉर्टचे, पट्टे लांब आहेत. पॅड अंगाला न चिकटता खाली लोंबतो आणि बसताना दुमडतो. याउलट मागची मधली शिवण उसवत असेल तर शॉर्ट लहान आहे. वाकल्यावर पाठीची लांबी वाढते, कापड आणखी ताणलं जातं आणि सगळा जोर त्या एका शिवणीवर येतो. तंग शॉर्टमध्ये कापड आधीच ताणाच्या टोकाला असतं, त्यामुळे ते लवकर पारदर्शकही होतं. पोटऱ्या-मांड्या भरल्या आहेत म्हणून मुद्दाम एक साइज लहान घेऊन 'कॉम्प्रेशन' मिळवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

माप घेताना

शिंप्याची टेप घ्या. कमरेचं माप जीन्सच्या लेबलवरून सांगू नका, ते बहुतेक वेळा खोटं असतं. चार मापं लागतात. कंबर, बेंबीच्या जरा खाली, श्वास सोडून. शिंपी ज्याला सीटचं माप म्हणतो ते, म्हणजे कुल्ल्यांच्या सर्वांत रुंद भागाभोवती. मांडी, जांघेपासून चार बोटं खाली. आणि बिब घ्यायची असेल तर उंची. तीनही घेर एकाच साइजमध्ये बसले तर उत्तम, पण सहसा बसत नाहीत. मग सीट आणि मांडीचं माप ऐकायचं, कमरेचं नाही. कमरेला थोडं सैल असलेलं चालून जातं, बिबला तर कंबरपट्टाच नसतो. सीटला सैल असलेलं चालत नाही, कारण पॅड तिथेच टांगलेला असतो.

साइजच्या अक्षरावर जाऊ नका. आशियाई बाजारासाठी बेतलेली एल अनेकदा युरोपीय एमएवढीच निघते. प्रत्येक ब्रँडचा तक्ता सेंटिमीटरमध्ये बघा, आणि तक्त्यातले आकडे अंगाचे आहेत की कपड्याचे, हेही.

पॅडची रुंदी ठरवायला बसण्याच्या हाडांमधलं अंतर कळायला हवं. खोक्याचा नालीदार पुठ्ठा जिन्याच्या पायरीवर ठेवा. पातळ पायजम्यावर त्यावर बसा, टाचा उचला आणि कोपर गुडघ्यांवर टेकवून पुढे वाका. अर्ध्या मिनिटाने उठा. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटतील. दिसले नाहीत तर पेन्सिल आडवी धरून वरून छटा मारा, खळगे पांढरे राहतील. दोन खळग्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. बहुतेकांचं अंतर १० ते १५ सेंटिमीटरच्या दरम्यान भरतं आणि स्त्रियांचं सरासरीने जास्त असतं. आता शॉर्ट उलटी करून पॅडवरचे सर्वांत जाड दोन भाग बघा. तुमची दोन्ही हाडं त्या भागांवर पूर्ण यायला हवीत, कडेवर नाहीत. स्त्रियांनी 'युनिसेक्स' लिहिलेली शॉर्ट शक्यतो टाळावी. तिचा पॅड बहुधा पुरुषी बेताचा, लांबट आणि अरुंद असतो.

जाड पॅड म्हणजे आरामदायक, हा दुकानात अंगठा दाबून झालेला गैरसमज आहे. मऊ आणि जाड फोम तासाभरात तळापर्यंत दबतो, हाडं खाली जातात आणि मधला फोम वर फुगून नाजूक भागावर दाब देतो. फोमची खरी प्रत त्याच्या घनतेवर ठरते, घनमीटरला किती किलो यावर. चांगल्या पॅडमध्ये हाडांखाली ८० ते १२० च्या घरातला फोम असतो आणि कडेला हलका. ब्रँडने हा आकडा दिला असेल तर तो वाचा, दिला नसेल तर अंगठ्याने दाबा. फोमने सहज हार मानायला नको, अंगठ्याला उलट ढकलायला हवं. लांब राइडला १० मिलिमीटरचा घट्ट पॅड १५ मिलिमीटरच्या स्पंजला सहज मागे टाकतो. जेल भरलेले पॅड तासाभराच्या फेरीला ठीक. आपल्या उन्हाळ्यात ते गरम होतात आणि वाळायला दिवस लावतात.

तुम्ही सायकलवर कसे बसता यावरही पॅड ठरतो. हायब्रिडवर ताठ बसणाऱ्याचा भार मागे असतो, त्याला मागे रुंद पॅड हवा. रोड सायकलवर हँडलच्या खालच्या वळणावर, म्हणजे ड्रॉपला, वाकणाऱ्याला पुढपर्यंत येणारा, पण पुढे पातळ.

घालून बघताना

आधी एक गोष्ट, जी अजूनही दर दुसऱ्या नवख्याला सांगावी लागते. पॅडेड शॉर्टच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नाही. सुती कापड घाम धरून ठेवतं, त्याची शिवण आणि इलॅस्टिक नेमकी जांघेत काचते, आणि ज्या मऊ पृष्ठभागासाठी पैसे मोजले तो त्वचेला लागतच नाही. दुकानात मापापुरतं पातळ अंतर्वस्त्र ठेवावंच लागतं, ते सोडलं तर नाही.

शॉर्ट पायजम्यासारखी खेचून वर ओढू नका. मोजे घालतो तसा पाय गोळा करून आत घाला आणि बोटांच्या पेरांनी, नखं न लावता, कापड थोडं थोडं वर सरकवा. आधी मांड्या, मग जांघ. पॅड अंगाला पूर्ण टेकला की मगच कंबर किंवा पट्टे. जांघेत पॅड आणि अंग यांच्यात पोकळी राहिली असेल तर पाय अजून वर घ्यायचे आहेत.

आता सरळ उभे राहू नका. उभ्या माणसाच्या अंगावर सायकलिंग शॉर्ट कधीच छान दिसत नाही. बिब असेल तर उभं राहिल्यावर पट्टे खांदे किंचित खाली ओढतात, पोक काढल्यासारखं वाटतं, मागे पॅड डायपरसारखा फुगतो. हे बरोबर आहे. खुर्चीच्या पाठीवर हात टेकवून सायकलवर वाकता तसे वाका. पट्ट्यांचा ताण गेला पाहिजे, पण पट्टे ढिले पडून कडेला घसरता कामा नयेत. उभं असताना अगदी आरामात बसणारी बिब सायकलवर लांब पडते आणि पॅड खाली उतरतो. आणि वाकल्यावरही पट्टे खांद्यात रुतत असतील तर तुमच्या धडासाठी ती आखूड आहे. साइज वाढवा किंवा बेत बदला.

त्याच अवस्थेत मांडीच्या मध्यावर चिमटी घ्या. नुसतं कापड जेमतेम चिमटीत यावं. सहज घडी धरता आली तर सैल. चिमटीत काहीच येत नसेल आणि गुडघा वर घेताना काळं कापड करडं दिसत असेल किंवा छापलेली अक्षरं रुंदावत असतील तर तंग. दोन वेळा उकिडवे बसून उठा. पाय वर सरकले का? पॅड बाजूला फिरला का? जांघेच्या घडीत शिवण येते का? तिथे सपाट शिवण असली तरी बोटाला उंचवटा लागत असेल तर चार तासांनी तीच जागा चरचरणार.

पायाच्या कडेच्या ग्रिपरकडे, म्हणजे मांडीला पकडून ठेवणाऱ्या पट्टीकडे, शेवटी बघा. त्याच्या वर मांडीची वळकटी उभी राहिली तर तो आवळतो आहे. रुंद पट्टीचा ग्रिपर अरुंद इलॅस्टिकपेक्षा नेहमीच बरा. सिलिकॉनच्या ठिपक्यांनी काहींना पुरळ उठतं. अशांनी बिनसिलिकॉनची, कापडाच्याच पकडीवर राहणारी शॉर्ट घ्यावी.

घरी आणल्यावर टॅग न तोडता, पातळ अंतर्वस्त्रावर, स्वच्छ सॅडलवर दहा मिनिटं बसून बघा. घरात सायकल जागेवर धरून ठेवणारा ट्रेनर (स्टँड) नसेल तर भिंतीला धरून, पेडल उलटे फिरवून. परत करायची वेळ आली तर ती या दहा मिनिटांत कळते, पहिल्या शंभर किलोमीटरनंतर नाही.

बिब की साधी? लांब पल्ल्याला बिब, कारण पोटावर इलॅस्टिक रुतत नाही आणि पॅड जागचा हलत नाही. पण महामार्गावर नीट स्वच्छतागृह मिळायची मारामार, तिथे स्त्रियांना जर्सी काढून पट्टे उतरवणं हा छळ आहे. मागून क्लिपने सुटणारी किंवा खाली ओढता येणारी बिब मिळते, ती शोधा. नाहीतर रुंद, मऊ कंबरपट्ट्याची साधी शॉर्ट निवडा, त्यात कमीपणा काही नाही. पाळीच्या दिवसांत साधा सॅनिटरी पॅड शॉर्टमध्ये सरकतो आणि त्याच्या प्लॅस्टिकच्या कडा काचतात. ज्यांना जमतं त्यांच्यासाठी कप किंवा टॅम्पून सोयीचा.

लाज वाटते म्हणून वरून बर्म्युडा घालणाऱ्यांसाठी एवढंच: पातळ नायलॉनची घ्या आणि दोन पायांच्या मध्ये चार शिवणी एकत्र येत नाहीत अशी, वेगळा तुकडा लावलेली बघा. ढगळ कापड उभं राहून बसताना सॅडलच्या नाकात अडकतं आणि तोल जातो.

धुणं

शॉर्ट जितकी रस्त्यावर झिजते तितकीच मोरीत. साबणाची वडी, ब्रश आणि धुण्याच्या दगडावर बडवणं, या तिन्हींपासून ती लांब ठेवा. घरी धुणं-भांड्याला मावशी येत असतील तर शॉर्ट त्यांच्या ढिगात टाकूच नका. चूक त्यांची नाही, चादरीला जो न्याय तोच त्या याला लावणार.

राइडवरून आल्यावर शॉर्ट लगेच काढा. ओल्या शॉर्टवर पोहे-चहा नको. घामात वाढणारे जिवाणू केसांच्या मुळाशी शिरले की केसतोड होते आणि पुढचे आठ दिवस सॅडल बंद. पावसातून आला असाल तर भिजवण्याआधी नळाखाली धरून रेती वाहू द्या, चोळू नका.

बादलीत चार-पाच लिटर गार पाणी आणि ५ ते १० मिली सौम्य लिक्विड डिटर्जंट. शॉर्ट उलटी करून १५-२० मिनिटं भिजवा, रात्रभर नाही. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटके देतं, तेव्हा सकाळी किंवा रात्री धुवा. पॅड दोन तळव्यांत धरून दाबत, सोडत साबण आत-बाहेर खेळवा. मग तीन पाणी. शेवटच्या पाण्यात पॅड दाबल्यावर फेस किंवा बुळबुळीतपणा जाणवला तर चौथं काढा. फोममध्ये राहिलेला साबण पुढच्या राइडला घामात विरघळून त्वचेला झोंबतो, आणि लोक दोष पॅडला देतात. बोअरचं जड पाणी असेल तर वडीच्या साबणाचा पांढरा साका फोममध्ये बसतो, म्हणूनही लिक्विडच बरं. फॅब्रिक सॉफ्टनर मुळीच नको. तो धाग्यांवर पातळ थर चढवतो आणि घाम खेचण्याची क्षमताच घालवतो. वास मुरला असेल तर अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर चार लिटर पाण्यात, २० मिनिटं, मग साधं पाणी. जंतुनाशकाची बाटली ओतू नका, तिचा अंश पॅडमध्ये राहिला तर तोच आग करतो.

मशीन वापरायचं तर जाळीच्या पिशवीत, डेलिकेट मोडवर. चेनची जॅकेटं आणि वेल्क्रोचे हातमोजे त्या फेरीत नकोत.

पिळायचं नाही. कोरडा टॉवेल पसरा, त्यावर शॉर्ट, टॉवेलची गुंडाळी करा आणि तिच्यावर गुडघा टेकवून दाबा. पाणी टॉवेलमध्ये जातं. बिब पट्ट्यांनी टांगू नका, ओल्या पॅडचं वजन पट्टे लांबवतं. दांडीवर मधोमध आडवी टाका, उलटी, सावलीत, वाऱ्याला. सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास चालेल, मे महिन्यातली दुपार नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये कापड वाळलेलं वाटतं, फोम आत ओलाच असतो. पॅड गालाला लावून बघा. गार लागला तर ओल आहे. पंख्याखाली अजून चार तास. ओला पॅड घडी करून कपाटात गेला की काळे ठिपके येतात. तेव्हा बुरशी फोमच्या आत गेलेली असते, ती शॉर्ट परत अंगावर घेऊ नका. म्हणूनच आठवड्यात तीन-चार दिवस चालवणाऱ्याकडे निदान दोन शॉर्ट्स हव्यात, पावसाळ्यात तीन. दोन शॉर्ट्स आलटून पालटून वापरल्या की फोमला परत फुगायलाही वेळ मिळतो.

ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, करणाऱ्यांसाठी: २०० किलोमीटरला साडेतेरा तासांची मुदत असते, ती एका चांगल्या शॉर्टमध्ये निघते. ६०० किलोमीटरला ४० तास, तिथे दुसरी शॉर्ट ड्रॉप बॅगमध्ये, म्हणजे वाटेतल्या थांब्यावर आधी पाठवलेल्या पिशवीत, ठेवाच आणि दोन्ही आधी किमान शंभर-दीडशे किलोमीटर चालवलेल्या असू द्या. शेवटच्या आठवड्यात घेतलेली कोरी शॉर्ट घालून रात्रभर बसायचा प्रयोग नको.

घरात ट्रेनरवर चालवणाऱ्यांची शॉर्ट रस्त्यापेक्षा लवकर जाते. वारा नाही, घाम दुप्पट, आणि खड्डे-सिग्नल नसल्याने माणूस सॅडलवरून उठतच नाही. मोठा पंखा समोर लावा आणि दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट उभं राहून पेडल मारा.

उसवलं तर, आणि संपलं तर

नुसती शिवण उसवली असेल आणि बाजूचं कापड धड असेल तर शॉर्ट वाचते. कोपऱ्यावरच्या शिंप्याने सरळ टाका मारला तर पहिल्याच राइडला तडकन तुटेल, कारण सरळ टाका ताणत नाही. त्याला झिगझॅग टाका, पॉलिस्टरचा दोरा आणि होजिअरीची गोल टोकाची सुई लावायला सांगा. टोकदार सुई इलास्टेनचे धागे कापत जाते आणि शिवणीशेजारी भोकांची रांग पडते. ढिला ग्रिपर बदलून मिळतो, पाठीमागचे पट्टे आखूड करून मिळतात. पॅड मात्र बदलत बसू नका. पॅड संपतो तेव्हा कापडही बहुधा संपत आलेलं असतं, आणि नवा पॅड जरासा तिरपा शिवला गेला तरी तो जखमाच करणार.

पॅड चपटा, पण कापड ठीक: ती सोसायटीतून भाजी आणायला, अर्ध्या तासाच्या फेरीला चालेल. कापड पारदर्शक, पॅड ठीक: बर्म्युडाखाली चालेल. दोन्ही गेलं की कात्रीने पॅड आणि ग्रिपर कापून टाका, उरलेल्या कापडाचे वीतभर तुकडे करा. त्याचे तंतू सुटत नाहीत, त्यामुळे चेन पुसायला याच्याइतकं चांगलं फडकं दुसरं नाही.